अतिदक्षता विभागातील हलत्या क्ष-किरणचित्राविषयी वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांस अनावृत पत्र

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



सरकारी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात उभी नोकरी काढलेल्या माणसाचे पत्र मंत्रालयात पोहोचले, की ते निवृत्तिवेतनाच्या थकबाकीविषयीच असणार असे धरून कारकून ते परस्पर लेखाशाखेकडे रवाना करतो, आणि आजवरचा एकंदर रिवाज पाहता त्या बिचाऱ्याला दोषही देता येत नाही. प्रस्तुत पत्राचा विषय मात्र निराळा आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन त्याच्या छातीचे हलते क्ष-किरणचित्र घेणारी यंत्रे परदेशी बाजारात आली असून, आज ना उद्या त्यांच्या खरेदीचा प्रस्ताव गुळगुळीत कागदावरील रंगीत माहितीपत्रकांसह आपल्या टेबलावर येईल, याविषयी मला शंका नाही. तो मंजूर करावा किंवा फेटाळावा, यांपैकी कोणतीही शिफारस मी करीत नाही. मंजुरीची सही होण्यापूर्वी या यंत्राची परीक्षा आपल्याच रुग्णालयांत व्हावी, आणि त्याने रुग्णाचे काही भले होते की नाही या एकाच प्रश्नाच्या रोखाने व्हावी, एवढीच माझी विनंती आहे. ती जाहीरपणे करण्याचे कारण असे, की ज्यांच्या देहावर ही परीक्षा व्हावयाची ते बहुधा शुद्धीवर नसतात; तेव्हा निदान वाचणाऱ्या जनतेला तरी ती कशी व्हावी हे ठाऊक असावे.

अतिदक्षता विभागात छातीचा एक्स-रे कसा काढतात, हे पाहण्याचा प्रसंग आपणांवर कदाचित आला नसेल. भल्या सकाळी, मोठ्या डॉक्टरांची फेरी सुरू होण्याच्या आत, तंत्रज्ञ पोर्टेबल यंत्र ढकलीत लिफ्टने वर येतो. लिफ्ट बंद असेल तर त्या दिवशी यंत्र वर येत नाही आणि चित्रही निघत नाही. रुग्णाच्या घशात नळी, नाकात नळी, मानेच्या शिरेत नळी, छातीवर मॉनिटरच्या तारा आणि उशाशी व्हेंटिलेटर. एका बाजूने वॉर्डबॉय मामा आणि दुसऱ्या बाजूने सिस्टर त्याला चादरीसकट किंचित कुशीवर वळवतात, रात्रभर जागलेला रेसिडेंट घशातली नळी निसटू नये म्हणून ती धरून उभा राहतो, आणि तेवढ्या अवधीत तंत्रज्ञ पाठीखाली प्लेट सरकवतो. ती सरळ बसली की तिरकी, हे चित्र निघाल्यावरच कळते. मग तारा बाजूला सारावयाच्या, यंत्राचे डोके छातीवर आणून अंतर जुळवावयाचे, आणि ‘एक्स-रे!’ अशी आरोळी द्यावयाची, की सगळी माणसे पांगतात. तंत्रज्ञ तार पोहोचेल तितका मागे सरतो, छातीकडे टक लावून पाहतो, आणि व्हेंटिलेटरने ती पुरती फुगवली असे वाटताच बटण दाबतो. नळी योग्य जागी आहे काय, फुप्फुसाबाहेर हवा किंवा पाणी साचले आहे काय, डाग कालच्याहून वाढला की उतरला, हे त्या निमिषार्धाच्या चित्रातून समजते आणि त्याने अनेकांचे प्राण वाचले आहेत. परंतु ज्या कारणास्तव रुग्ण तेथे येऊन पडला, ते त्याचे श्वसन, म्हणजे सर्वथा एक गती, त्या चित्रात असत नाही. श्वासपटल खाली उतरते की नाही, डाव्या आणि उजव्या बाजूस हवा सारखी पोहोचते की नाही, हे स्तब्ध छायेवरून अनुमानाने ठरवावे लागते.

गती टिपण्याची हौस क्ष-किरणांच्या इतिहासात काही आजची नव्हे. राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले, आणि दोन वर्षांच्या आत, १८९७ साली, ग्लासगो येथील जॉन मॅकिन्टायर यांनी बेडकाच्या हलत्या पायाचा क्ष-किरण चित्रपट लोकांपुढे दाखविला. पुढे पडद्यावर प्रत्यक्ष हालचाल पाहण्याची पद्धती सर्वत्र रूढ झाली. पण तिच्यासाठी रुग्णाला यंत्राच्या खोलीत न्यावे लागे, आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णाला चार भिंती ओलांडून नेणे हेच एक संकट असते. जपानमध्ये कानाझावा विद्यापीठातील रिए तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभापासून एक निराळी वाट धरली. फिल्मची जागा घेणारी सपाट अंकीय प्लेट वापरून त्यांनी अल्प मात्रेचे स्पंद सेकंदाला पंधरापर्यंत सोडले, आणि दहा-बारा सेकंदांत दीडशेच्या आसपास चित्रे घेऊन ती सलग मांडली. फुप्फुसात हवा शिरली की त्या भागाची घनता घटते आणि चित्रातील त्या ठिपक्याचा उजेड बदलतो. हृदयाच्या ठोक्यासरशी रक्त शिरले की तो उलट दिशेने बदलतो. हे बदल ठिपक्या-ठिपक्याने मोजले, तर कोठे हवा पोहोचते आणि कोठे रक्त, याचा नकाशा शिरेत औषध न टोचताही मिळू शकतो, असे या विद्येचे प्रतिपादन आहे. कोनिका मिनोल्टा या जपानी कंपनीने ही सोय प्रथम भिंतीपाशी उभे राहून चित्र घेण्याच्या यंत्रात आणली आणि पाठोपाठ चाकांच्या यंत्रावर चढविली. कल्पना सुंदर आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पहिल्यांदा जेव्हा मी असे चित्र पाहिले, तेव्हा ते दुसऱ्यांदा लावण्याची विनंती केली.

क्ष-किरणांच्या मात्रेविषयी सामान्य माणसाला जितकी भीती वाटते तितकी येथे अवश्य नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९६ साली छातीच्या समोरील आणि बाजूच्या अशा दोन साध्या चित्रांस मिळून १.९ मिलीग्रे ही मार्गदर्शक मात्रा सांगितली होती, आणि हलत्या चित्राचे जपानी अभ्यास तिच्या आत राहूनच झाले आहेत. तथापि ते अभ्यास बहुतांशी एकवार तपासणीचे आहेत. अतिदक्षता विभागात जे एकदा करता येते ते रोज करण्याची सवय जडावयास फार दिवस लागत नाहीत.

माझी खरी हरकत अन्यत्र आहे. कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णाच्या छातीत हवा यंत्र ढकलते. त्या दाबाने श्वासपटल खाली जाते आणि दाब सुटला की वर येते, मग त्या स्नायूत स्वतःची शक्ती उरलेली असो वा नसो. म्हणजे ज्याचे श्वासपटल पुरते लुळे पडले आहे अशा रुग्णाच्या हलत्या चित्रातही ते डौलाने हलताना दिसू शकते, आणि पाहणारा ‘हालचाल आहे, आता नळी काढावयास हरकत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. स्थिर चित्र निदान मुकाट तरी असे. हे चित्र खोटी साक्ष देऊ शकते. ही फसगत टाळावयाची तर व्हेंटिलेटरचा आधार अल्पकाळ कमीत कमी करून, रुग्ण स्वतः श्वास घेत असतानाच चित्र घेतले पाहिजे, आणि कोणत्या रुग्णाला ती कसरत झेपेल याचा नियम आधी ठरविला पाहिजे. रक्तप्रवाहाचा नकाशा हवा असेल तर श्वास काही सेकंद रोखावा लागतो. ज्याच्या रक्तातील प्राणवायू नव्वदीच्या घरात लटकत आहे, त्याचा श्वास चित्रासाठी कोणी रोखावा? शिवाय श्वासपटल किती हलले म्हणजे पुरेसे, याचे जे आकडे प्रसिद्ध आहेत ते मुख्यत्वे उभ्या राहिलेल्या, स्वतः श्वास घेणाऱ्या माणसांचे आहेत. उताणा निजलेला, गुंगीत ठेवलेला, पोट फुगलेला रुग्ण त्या मापात बसत नाही. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश या देशात असल्याने, छातीत जुन्या क्षयाचे वळ असलेला, एका बाजूचे आवरण चिकटून घट्ट झालेला मनुष्य आपल्या वॉर्डात नित्याचा आहे. त्याची ती बाजू आजच्या आजाराने हलत नाही की वीस वर्षांपूर्वीच्या, हे टोकियोत तयार केलेली संगणकाची आज्ञावली कशी सांगणार?

अतिदक्षता विभागाला अशा मोहाची किंमत एकदा मोजावी लागली आहे. स्वान आणि गँझ या लॉस एंजलिसच्या दोन वैद्यांनी १९७० साली टोकाला फुगा असलेली एक बारीक नळी वर्णिली. ती शिरेतून सोडली की रक्तप्रवाहाबरोबर तरंगत हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन बसते आणि आतील दाब मोजते. जे आजवर अनुमानाचे होते ते आकड्यांत दिसू लागल्यावर वैद्यक हरखून गेले, आणि पाव शतक ती नळी जगभर लाखो रुग्णांत सोडली गेली. तिने मनुष्य अधिक जगतो काय, हा प्रश्न मोठ्या तुलनात्मक परीक्षेने विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही, कारण इतकी माहिती देणारी वस्तू निरुपयोगी कशी असेल असे सर्वांसच वाटे. १९९६ साली अमेरिकेतील पाच रुग्णालयांच्या ५,७३५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात नळी सोडलेल्यांत मृत्यू अधिक आढळले. २००५ साली ब्रिटनमधील ६५ अतिदक्षता विभागांनी हजारावर रुग्णांत चिठ्ठ्या टाकून परीक्षा केली, तेव्हा तिने ना लाभ होतो ना हानी, असे निष्पन्न झाले. नळी सदोष नव्हती. ती जे मोजी ते बरोबर मोजी. त्या मोजणीवरून काय करावे, हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते.

याउलट एक उदाहरण फ्रान्सचे. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णाचा रोज सकाळी एक्स-रे काढावा, ही रूढी इतकी जुनी होती की तिचा जाब कोणी विचारीत नसे. फ्रेंच संशोधकांनी २१ अतिदक्षता विभाग घेतले, आळीपाळीने काही काळ रोजचा एक्स-रे आणि काही काळ गरजेपुरता एक्स-रे असा पाठ ठेवला, आणि ८४९ रुग्णांच्या अखेरीस २००९ साली जाहीर केले, की गरजेपुरते चित्र काढल्याने चित्रे ३२ टक्क्यांनी घटली आणि रुग्णाचे काही बिघडले नाही. या परीक्षेत नवे यंत्र नव्हते, नवी खरेदी नव्हती. होता तो फक्त एक सरळ प्रश्न, आणि उत्तर आपल्या सवयीच्या विरुद्ध आले तरी ते छापण्याची तयारी.

अशी परीक्षा आमच्याकडे होणे नाही, असे आपले अधिकारी आपणांस सांगतील. त्यांना कृपया महाडची आठवण द्यावी. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असता लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसात पाणी होऊन तडफडणाऱ्या कोकणातील शेतकऱ्यांच्या खाटेपाशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि १९८६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये कळविला, आणि पुढे त्यांनी व त्यांच्या पत्नीने आपल्याच यशस्वी औषधाला प्रतिविषाची जोड दिल्यास अधिक गुण येतो काय, याची ७० रुग्णांत रीतसर परीक्षा करून २०११ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. ज्या राज्यात हे तालुक्याच्या गावी घडले, त्या राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांना ते अशक्य असावे, हे मला पटत नाही.

विषयही आपल्या अंगणातलाच आहे. मण्यार चावलेला मनुष्य रात्री वॉर्डात येतो, पहाटेपर्यंत पापण्या मिटतात, मान टाकतो, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून व्हेंटिलेटरवर जातो. फुप्फुसे निरोगी, चित्र स्वच्छ, प्रश्न एवढाच की स्नायू केव्हा जागा होईल. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील वस्त्यांत गीयाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हाही कित्येक कुटुंबे याच प्रश्नापाशी दिवस मोजीत बसली होती. नळी लवकर काढली तर पुन्हा घालावी लागते आणि उशिरा काढली तर न्यूमोनिया होतो. या दोन भयांच्या मधला दिवस निवडण्यास हलत्या चित्राची मदत होत असेल, तर ते यंत्र आपल्याकडे आलेच पाहिजे, आणि तसे झाल्यास त्याच्या स्वागतास मी स्वखर्चाने येईन. पण हेच काम खाटेपाशी सोनोग्राफीचा प्रोब बरगडीखाली टेकवून, एकही किरण न सोडता, आपल्या मोठ्या रुग्णालयांतील अनेक रेसिडेंट आज करतात. तेव्हा नव्या यंत्राची तुलना जुन्या फिल्मशी करून ते जिंकले असे म्हणणे ही पळवाट होय. सामना सोनोग्राफीशी लावावा.

आरंभ अल्प खर्चात होऊ शकतो. दोन-तीन महाविद्यालयांत यंत्र परीक्षेपुरते आणावे, आणि हलते चित्र पाहण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टराने आपला निर्णय, म्हणजे नळी काढणार की ठेवणार, छातीत नवी नळी घालणार की थांबणार, शाईने लिहून सही-वेळेसह दप्तरात जमा करावा. मग चित्र पाहावे आणि निर्णय बदलला असेल तर तो व त्याचे कारण खाली लिहावे. शंभर रुग्णांपैकी पाचांचाही निर्णय न बदलणारे चित्र कितीही मनोहर असले तरी पुढील खर्चास पात्र नाही. निर्णय बदलत असतील, तरच दुसरी पायरी चढावी: फ्रेंचांप्रमाणे विभागा-विभागांत आळीपाळीने यंत्र असलेले व नसलेले महिने ठेवून, व्हेंटिलेटरवरील दिवस, पुन्हा नळी घालावी लागलेले रुग्ण आणि मृत्यू यांची गणती करावी. काही तज्ज्ञ असेही सुचवितात की चित्र सर्वांचे घ्यावे आणि निम्म्यांचे डॉक्टरांपासून झाकून ठेवावे. शास्त्रदृष्ट्या ते निर्दोष आहे, परंतु ज्याचे चित्र कोणी पाहणारच नाही त्याच्या छातीवर दीडशे स्पंद सोडण्याचे समर्थन मला तरी साधत नाही. परीक्षेची नोंद पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत व्हावी, आणि आकडेवारीची मालकी विक्रेत्याकडे नव्हे, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे असावी.

संमतीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर घाईने लिहिणे बरे नव्हे. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर व्हरांड्यात सतरंजी अंथरून जे नातेवाईक बसतात, त्यांच्याकडून दिवसभरात सह्या किती घेतल्या जातात याची गणती त्यांनाही नसते. रक्तासाठी सही, भुलीसाठी सही, औषध बाहेरून आणल्याची सही. त्या ढिगात आणखी एक कागद सरकवणे सर्वांत सोपे, आणि नातेवाईक ‘नाही’ म्हणणार नाही हे आपणां सर्वांस पक्के ठाऊक असते, कारण आत त्याचे माणूस आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शुद्धीवर नसलेल्या रुग्णाच्या वतीने त्याचा कायदेशीर प्रतिनिधी संमती देऊ शकतो, आणि रुग्ण सावध झाल्यावर त्याची स्वतःची संमती घ्यावयाची असते. हा नियम आहे. पण नियमाबरहुकूम सही आणि उमजून दिलेली संमती यांत पुष्कळ अंतर पडते. म्हणून माझे मागणे असे, की संमती विचारणारा इसम उपचार करणाऱ्या पथकातील नसावा, त्याने मराठीत, वऱ्हाडात वऱ्हाडी वळणाने, आदिवासी पाड्यावरील माणसास त्याच्या बोलीत समजावून सांगावे, नकार दिल्यास उपचारात यत्किंचितही फरक पडणार नाही हे वाक्य दोनदा उच्चारावे, आणि उत्तरासाठी किमान एका रात्रीची मुदत द्यावी. पंचविशीतल्या रेसिडेंटच्या अंगावर हे काम टाकले, तर तो ते एका मिनिटात उरकणार आणि त्यात त्याचा अपराध नसेल.

तंत्रज्ञाला तर कोणी विचारीतच नाही. स्थिर चित्राच्या वेळी त्याला निमिषार्ध दूर राहावे लागते. येथे दहा-पंधरा सेकंद साऱ्या विभागाने दूर राहावयाचे, आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या पंपाचा अलार्म वाजला तर सिस्टर धावणारच. आपल्या अतिदक्षता विभागांत दोन खाटांमधील अंतर किती असते, हे मी सांगावयास नको. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्टची मर्यादा घातली आहे आणि छातीवरच्या टीएलडी बिल्ल्याने ती मोजली जाते. पण तो बिल्ला तंत्रज्ञाच्या अंगावर असतो, सिस्टरच्या किंवा मामाच्या नव्हे. परीक्षेच्या काळात त्या दोघांसही बिल्ले द्यावेत आणि शेजारच्या खाटेवरही एक लावावा. खर्च किरकोळ आहे.

सर्वांत शेवटी पैशाचा व्यवहार. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्यात आलेल्या व्हेंटिलेटरांच्या नादुरुस्तीची कैफियत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे चालली, हे आपणांस स्मरत असेल. यंत्र येणे आणि यंत्र चालणे यांमध्ये देखभालीचा करार, सुटे भाग, शिकविलेला माणूस आणि चालू लिफ्ट एवढ्या गोष्टी असतात. परीक्षेच्या मसुद्यातच असे कलम घालावे, की यंत्र किती दिवस बंद राहिले हा आकडाही निकालाचा भाग म्हणून प्रसिद्ध होईल, आणि निकाल प्रतिकूल आला तर तो वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या दप्तरात न राहता सहा महिन्यांच्या आत मराठीतून जाहीर केला जाईल. या दोन अटी मान्य असणारा विक्रेता पुढे आला तरच फाईल पुढे सरकवावी. मसुदा तयार करण्याच्या समितीवर एक तंत्रज्ञ आणि एक परिचारिका यांना सदस्य म्हणून घ्यावे, निमंत्रित म्हणून नव्हे. आणि समितीची पहिली बैठक मंत्रालयात न भरवता सकाळी सहा वाजता कोणत्याही सरकारी अतिदक्षता विभागात, पोर्टेबलच्या फेरीच्या वेळी भरवावी.

कळावे.

आपला विश्वासू,
क्ष-किरण विभागातील एक निवृत्त अध्यापक